अर्धी रेकॉर्ड

— नाही नाही, काढू नका, राहू द्या तिथेच. मी काही बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण सांगणार नाही कोणाला. जॅझच्या खोक्यातली रेकॉर्ड उचलायची, इकडेतिकडे बघायचं, आणि हळूच नाताळच्या बालगीतांत खुपसून ठेवायची — पुढच्या शनिवारी येऊन नेऊ, तोवर दुसऱ्या कोणाच्या हाती लागायला नको! अहो, कान लाल झाले की तुमचे. लाजताय कशाला? या तळघरात येणारा प्रत्येक जण हेच करतो. फक्त एक सल्ला देऊ? नाताळचं खोकं आता सगळ्यांना ठाऊक झालंय. जो येतो तो आधी तिथेच हात घालतो. तुम्ही लष्करी बँडमध्ये ठेवा. तिकडे कोणी फिरकत नाही, अगदी लष्करातलेसुद्धा नाहीत. — ओस्मो? ऐकू दे त्याला. तो त्या स्टुलावर बसून सगळं बघतो आणि काही बोलत नाही, म्हणून तर हे दुकान चाललंय. बडबड्या दुकानदाराकडे आपण आलो असतो का चोरून?

चोरूनच की! घरी काय सांगून आलात? थांबा, सांगू नका, पिशवीचा वास सांगतोय. मासे आणायला! बाजार वर चौकातच, तेव्हा निमित्त झकास आहे. पण बाबा रे, मासे आधी घ्यायचे नसतात! आधी रेकॉर्डी, मग मासे. आता बघा, तासभर ते मासे इथे गरम पाइपाशेजारी तुमची वाट बघतायत, आणि बायको तिकडे कढई तापवून तुमची वाट बघतेय. हसा, हसा. मी तर याहून मोठा गाढव होतो. मी पोहायला जातो म्हणून सांगायचो. हो, मुलीला. बायको गेली तेव्हा मोठं घर विकलं आणि मी मुलीच्याच इमारतीत एक लहानशी जागा घेतली, तीन मजले चढून. औती तिचं नाव, माझं ताइस्तो. सामान चढवताना माझ्या रेकॉर्डींची खोकी तिने उचलली आणि तिची पाठ जी धरली, ती आठवडाभर सरळ झाली नाही. जमिनीवर उताणी पडून म्हणाली, "बाबा, यापुढे एकही नवी रेकॉर्ड घरात आली तर मी तुम्हाला त्या खोक्यांसकट जिन्यावरून खाली सोडीन. शब्द द्या." दिला. पाठ धरलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? आणि त्याच शनिवारी इथे आलो. येताना टॉवेल घेऊन. इथून निघताना ओस्मोच्या त्या मागच्या बेसिनमध्ये टॉवेल भिजवायचा, पिळायचा, केसांवरून ओला हात फिरवायचा, आणि जिना चढायचा — वा, काय छान पोहलो आज! बरेच महिने चाललं हे. मग एक दिवस औती टॉवेल वाळत घालता घालता हुंगते काय आणि म्हणते काय, "बाबा, तुमच्या तलावाच्या पाण्याला पुठ्ठ्याचा वास येतो."

पण त्याच्या आधी मार्केत्ता. नाही, मार्केत्ताचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. — तुम्हाला घाई आहे? नाही ना? बरं.

हिरव्या कोटातली बाई. नाव फार उशिरा कळलं. मी दुपारी दुकान उघडायच्या वेळेला हजर, तर ही माझ्या आधी पायऱ्यांवर उभी. मी टँगोच्या खोक्यापाशी पोचतो, तर हिची बोटं तिथे आधीच चालतायत — आणि बोटं कशी, पत्ते पिसावेत तशी! आपण कसं, एकेक कव्हर ओढतो, चष्मा चढवतो, मागचं वाचतो. ही नुसती कड बघून ओळखायची. वर त्या नाताळच्या खोक्यातून माझी लपवलेली रेकॉर्ड बाहेर काढायची, माझ्याकडे वळायची, आणि म्हणायची, "निवड चांगली असते हो तुमची." आणि पिशवीत टाकायची! सभ्य बाई, चांगली सत्तरीतली, केस नीट विंचरलेले, आणि उघड्या डोळ्यांनी दरोडा! मी पण मग सोडलं नाही. तिची लपवायची जागा शोधून काढली — लहान मुलांच्या गोष्टींच्या रेकॉर्डी, अस्वलाचं चित्र असलेलं कव्हर, त्याच्या पोटात. तिथून तिची एक उचलली आणि म्हटलं, "अस्वलाला वाचता येत नाही वाटतं." हसली नाही. पण ओठ घट्ट धरून ठेवले. हसू दाबताना बायका कशा करतात, तसं.

आणि मग तो शनिवार आला. ओस्मोने कुठल्याशा बंद पडलेल्या नाचघरातलं सामान घेतलं होतं, त्यात एक रेकॉर्ड — साठच्या दशकातली, उत्तरेकडच्या एका नाचघराच्या बँडने स्वतःच काढलेली, थोड्याच प्रती निघाल्या असतील. कव्हरवर बर्च झाडाखाली उभे पाच जण, सगळ्यांचे कोट एका मापाचे आणि माणसं वेगवेगळ्या मापाची. तिने डावीकडून धरली, मी उजवीकडून. दोघांनी एकदमच. ती सोडेना, मी सोडेना. ओढायची तर कव्हर फाटणार, म्हणून ओढतही नाही, नुसते धरून उभे. लोक येतायत, आमच्या हातांखालून वाकून जातायत. मी म्हटलं, "मी आधी बघितली." ती म्हणाली, "मी तुमच्या जन्माआधीपासून शोधतेय." म्हटलं, "तुम्ही माझ्याहून लहान दिसता." म्हणाली, "गोड बोलून रेकॉर्ड मिळत नसते." — तेव्हा ओस्मो बोलला. स्टुलावरूनच. म्हणाला, "दोघं मिळून घ्या. आठवडा याच्याकडे, आठवडा तिच्याकडे. आणि वाटेतून बाजूला व्हा." बस. एवढंच. 

मला का हवी होती ती? चांगलं विचारलंत. तिला हवी होती म्हणून. — नाही, खरंच, मला तो बँड माहीतसुद्धा नव्हता.

तर अशी ती आमची रेकॉर्ड. घटस्फोट झालेल्यांचं पोर कसं शनिवारी या घरातून त्या घरात जातं, तशी जायची. देवघेव इथेच, या खोक्यापाशी. आणि देताना नुसती देत नसे ती, जबाब घ्यायची! "हा ओरखडा नव्हता." होता. "नव्हता. दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात, टक्‌टक् वाजतं आता." मग वर बेकरीत बसून त्याची चौकशी, वेलदोड्याचा पाव, कॉफी, दुसरी कॉफी. मला वाटतं तो ओरखडा आमच्यातला सगळ्यात उपयोगी माणूस होता. एकदा तिथे मी तिला माझ्या बसमधल्या एका प्रवाशाची गोष्ट सांगत होतो — मी जन्मभर शहराची बस चालवली — तर हसता हसता पाव तिच्या घशात अडकला, डोळ्यांतून पाणी, मी पाठीवर थोपटतोय, बेकरीवाली पाणी घेऊन धावतेय... छान हसते. दाबून ठेवलेलं असतं ना, म्हणून एकदम येतं. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. वाट्याने घेतलेल्या रेकॉर्डी. आणि त्याच सुमाराला तो टॉवेल, आणि औती माझ्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. "बाबा, शब्द दिला होतात. ही काय आहे?" मी म्हटलं, "ही अर्धीच आहे." — "अर्धी म्हणजे?" — "म्हणजे अर्धी माझी आहे. पुरी एक रेकॉर्ड घरात आणणार नाही असा शब्द होता. पुरी आणलेली नाही." तिने ती उलटीसुलटी केली, नाकाशी धरली, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला तो पुठ्ठ्याचा वास बरा वाटला. म्हणाली, "हिला हातांच्या क्रीमचा वास येतोय. बाकीची अर्धी कोणाची आहे, बाबा?" मी म्हटलं, "एका गिऱ्हाइकाची." "म्हणून केस कापून आलात?" पोरींना कशाला शिकवलं इतकं असं होतं कधी कधी.

तुम्ही काय हसताय गालातल्या गालात? तसलं काही नाही हो. या वयात माणसाला कोणीतरी भांडायला लागतं, एवढंच.

मग ती यायची बंद झाली. हिवाळा संपत आला होता. एक शनिवार नाही, म्हटलं सर्दी असेल. दुसरा नाही. तिसऱ्याला मी पायऱ्यांवरच उभा राहून दात ओठ खायला लागलो — पळवली! हिचा आठवडा चालू होता, रेकॉर्ड हिच्याकडे, आणि बाई पसार! ओस्मोला म्हटलं, बघ, मी सांगत नव्हतो? दरोडेखोर आहे ती. औतीला जाऊन सांगितलं, मला फसवलंय एका बाईने. औती म्हणाली, "बाबा, तुम्ही रेकॉर्डीसाठी रडताय का?" रडत नव्हतो मी. डोळे आले होते. आणि तेव्हा लक्षात आलं की मला तिचं आडनाव माहीत नाही. फोन नाही, पत्ता नाही. इतके दिवस समोरासमोर बसून कॉफी प्यायलो, तिला कुठल्या बेरीची जेली आवडत नाही ते माहीत, पण ती राहते कुठे, घरी कोण आहे — ती बोलली नाही, मी विचारलं नाही. विचारायला नको वाटायचं. ओस्मोच म्हणाला, "तळ्याकडच्या बसने येते." तेवढं पुरे होतं मला. त्या बसवरचे ड्रायव्हर मी शिकवून तयार केलेले! एकाला गाठलं. म्हणाला, हिरवा कोट ना, शेवटच्या थांब्याला उतरते, उतरताना नेहमी आभारी आहे म्हणते.

गेलो. फुलं घेतली. — आता त्यात काय? कोणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हाताने जातात का? बरं, इस्त्रीचा शर्टही घातला, लिहून ठेवा. शेवटच्या थांब्यापाशी लाकडी घरं, बर्फ वितळून सगळा चिखल, दारांवरची नावं वाचून काय उपयोग, आडनाव कुठे माहीत होतं? दोन गल्ल्या फिरलो. परत फिरणार, तर एका घराच्या खिडकीची फट उघडी आणि आतून टँगो. आणि तिसऱ्या गाण्यात — टक्‌, टक्‌, टक्‌. अहो, असं बरं वाटलं मला! घंटी दाबली. म्हटलं, आता दार उघडलं की आधी भांडायचं, मग फुलं द्यायची. नाही, आधी फुलं, मग —

दार एका पुरुषाने उघडलं. थोराड, माझ्याहून हातभर उंच, अंगात लोकरी जाकीट, पायांना जाड पट्ट्या बांधलेल्या. माझ्याकडे बघितलं आणि ओरडला, "आलास? केवढा उशीर! ड्रम कुठायत तुझे?" मी तसाच उभा, हातात फुलं. त्याच्या मागे मार्केत्ता. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, माझ्या शर्टाकडे, आणि मान खाली घातली. आणि मी — मी काय म्हणालो असेन? म्हटलं, "रेकॉर्ड न्यायला आलोय. माझा आठवडा आहे." एवढंच सुचलं. फुलं? ती त्यानेच घेतली. "बँडला कोणी दिली?" म्हणाला. बूट काढून आत गेलो तर डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. शर्टाला इस्त्री करताना मोजे कोण बघतं?

कौको. नवरा तिचा. कव्हरवरच्या त्या पाच जणांतला अ‍ॅकॉर्डियनवाला, ज्याला कोट आखूड होत होता तो. म्हणून शोधत होती ती रेकॉर्ड. त्यांची स्वतःची एकच होती, ती कधीच्या काळी कोणी पाहुण्याने नेली ती नेलीच. आणि आता कौकोच्या डोक्यातून एकेक दिवा जात चालला होता — आजचं आठवत नाही, कालचं नाही, पण ती सुई टेकली की बोटं आपोआप हलायची. मार्केत्ताने स्वयंपाकघरात मला सगळं सांगितलं. शनिवारी दुपारी तो जेवून झोपायचा, तेवढ्यात ती यायची इथे. औषधं आणायला जाते म्हणून शेजारणीला सांगायची. म्हणाली, "चोवीस तास मी त्याची नर्स, त्याची आई, त्याचं कॅलेंडर. तिथे खोक्यापाशी नुसती एक हावरट बाई असायचे. इतकं बरं वाटायचं, ताइस्तो." आणि त्या फेब्रुवारीत एका शनिवारी तो मध्येच जागा झाला आणि बाहेर पडला. मोज्यांवर, बर्फात. बसथांब्यावर बसून होता, बँडची गाडी येणार म्हणून. पायाची बोटं वाचली, पण थोडक्यात. "मी तिथे अस्वलाचं कव्हर उघडून बघत होते तेव्हा," म्हणाली. "आता मी पुन्हा त्या तळघरात पाऊल टाकणार नाही. तुझ्या वाट्याच्या पण घेऊन जा सगळ्या." आणि बाहेरच्या खोलीतून तो हाका मारतोय — "ड्रमर! अरे, सुरू करायचंय की नाही?"

काय करणार? ओट्यावर दोन लाकडी चमचे होते, ते घेऊन गेलो बाहेर. टेबलावर ठोकायला लागलो. मला कुठलं येतंय! पण त्याने डोळे मिटले, मांडीवर बोटं धावायला लागली, मान डोलतेय, पुढचा ठोका आला की मला भुवईने खुणावतोय — आता, आता ठोक! मार्केत्ता कपबशी घेऊन दारातच उभी होती. निघताना मी तिला म्हटलं, पुढच्या शनिवारी मी येतो, ह्याच्यापाशी बसतो. तू जा ओस्मोकडे. ती म्हणाली, "आणि तुझं?" म्हटलं, त्याच्या पुढच्या शनिवारी मी. ती म्हणाली, "पण मग आपण तिथे कधीच —" आणि थांबली. मी पण नाही विचारलं पुढे काय म्हणायचं होतं.

तेव्हापासून असंच. हा दुसरा हिवाळा. आज माझी पाळी आहे, म्हणून इथे. ती आली की तिचा हात सगळीकडे फिरून गेलेला असतो, माझ्यासाठी काही शिल्लक ठेवत नाही ती — आणि जी ठेवते ती मुद्दाम ठेवते, मला कळतं. पहिल्यांदा इथे परत आली ना, तेव्हा नुसती पायऱ्यांवर बसून होती म्हणे, आत येईना. ओस्मो उठून गेला. हो, स्टुलावरून उठला! म्हणाला, "आत ऊब आहे." आणि ती आली आत. संध्याकाळी घरी आली तर गालांवर लाली, बोटं धुळीने काळी, आणि कौको तिला म्हणतो, "कुठल्या नाचाला गेली होतीस गं? सुंदर दिसतेस." मी तिथेच चमचे पुसत बसलो होतो. खरं बोलला तो.

आणि आता मागच्या शनिवारचं. हे मी औतीलाही सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतोय देव जाणे. तुम्ही नुसती मान हलवता म्हणून असेल. मार्केत्ता इथे होती, मी कौकोला घेऊन सौनामध्ये बसलो होतो. शनिवारी सौना त्याला लागतेच, बाकी सगळं विसरेल. दोघं म्हातारे उघडेवाघडे वरच्या फळीवर, मी दगडांवर पाणी ओतलं, वाफ अंगावर आली. आणि मग कौको एकदम, स्वच्छ, तुमच्या-माझ्यासारख्या आवाजात म्हणाला, "तू आमचा ड्रमर नाहीस." माझ्या हातात पळी तशीच. म्हणाला, "आमचा ड्रमर कधीच गेला. त्याला पुरताना मी होतो. आणि त्याला ताल होता. तू कोण?" मी म्हटलं, "मी ताइस्तो. मार्केत्ताच्या ओळखीचा." तो म्हणाला, "ते ठाऊक आहे मला. तू आलास की ती स्वयंपाकघरात हसते. भिंती पातळ आहेत." मला वाटलं, आता हा मला हाकलणार, आणि हाकलावंच त्याने, त्याचं घर आहे. मी म्हटलं, "नको येऊ का?" त्याने माझ्या हातातली पळी घेतली, स्वतः पाणी ओतलं, इतकं ओतलं की माझे कान भाजले. म्हणाला, "येत जा. पण ताल सुधार जरा. लाज वाटते." — आणि मग पुन्हा तेच, "ड्रम कुठे ठेवलेस?" संपलं. दिवा गेला.

मार्केत्ताला सांगितलं नाही. कसं सांगू? आली तेव्हा पिशवी उघडून दाखवत होती काय काय मिळालं ते. मी नुसता हं हं करत होतो. तर मला म्हणते, "काय झालंय तुला? कान कसे लाल?" म्हटलं, वाफ जास्त झाली.

काय? — काय म्हणालात?

बघा, इतका वेळ तोंड उघडलं नाहीत आणि उघडलंत ते हे विचारायला. तो गेल्यावर काय! असं विचारतात का माणसाला? मी... नाही, त्या दिवशी दारात फुलं घेऊन उभा होतो, तेव्हा विचाराल तर... एक क्षण... पण आता नाही. आता मला तो जायला नको आहे. खरंच नको आहे. तो आहे तोवर मला शनिवारी जायला घर आहे, हातात चमचे आहेत, कोणी विचारलं तर सांगायला कारण आहे — ड्रमर आहे मी. तो नसेल तेव्हा त्या दारात घंटी वाजवून उभं राहायचं म्हणजे मग मला काहीतरी बोलावं लागेल. तिच्याशी. नीट. आणि मला ते —

पुरे. सरका जरा तिकडे. हे सबंध खोकं अजून बघायचंय मला, आणि बोलता बोलता बघता येत नाही.